झाडांची कीर्द-खतावणी

शीर्षक वाचून विज्ञान शाखेतल्या मित्रांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. कॉमर्सवाल्याने झाडाझुडपांत नाक खुपसण्याचे कारण काय, असे त्यांना वाटणे साहजिक आहे. कारण इतकेच, की माझ्या मामांच्या तीन वर्षांच्या मेहनतीचा पुरावा गेल्या पावसाळ्यात एका आकड्यापायी नाहीसा झाला. तो आकडा चुकला त्याचे कारण वनस्पतिशास्त्रात नव्हते. ते आमच्या, म्हणजे हिशेबनिसांच्या, धंद्यातले होते. तेव्हा या विषयावर चार शब्द लिहिण्याचा हक्क मला आहे असे मी धरून चालतो. शास्त्रीय चूक सापडली तर प्राध्यापक मंडळींनी जरूर कान धरावा.

मामा बँकेतून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी भजनी मंडळात जावे अशी मामींची इच्छा होती. ते गेले गच्चीवर. आज त्या गच्चीवर जास्वंदीच्या साठेक कुंड्या आहेत आणि मामांना नाद लागला आहे तो संकराचा. एका जास्वंदीचे पराग दुसरीला लावायचे आणि त्यातून आजवर कुणी पाहिले नाही असे फूल काढायचे. दिसायला काम सोपे आहे. सकाळी फूल पुरते उमलले की 'बापा'च्या फुलातले पिवळे पराग 'आई'च्या फुलाच्या दांड्याच्या टोकावर ज्या पाच मखमली टिकल्या असतात, त्यांना हलक्या हाताने लावायचे. दुसऱ्या दिवशी फूल मिटून गळते. जमले तर देठावर बोंड धरते. पुष्कळदा धरत नाही, किंवा धरून महिन्याने पिवळे पडून गळते. टिकलेच तर दोन-अडीच महिन्यांनी बोंड वाळून उकलते आणि मूठभरही नव्हे, चिमूटभर बिया मिळतात. त्या पेरल्या, रोपे झाली, की पहिल्या फुलासाठी आणखी वर्षभर थांबायचे. गंमत अशी, की एकाच बोंडातल्या दहा बियांची दहा झाडे दहा तऱ्हांची निघतात.

म्हणजे पराग लावल्यापासून फळ हाती येईपर्यंत सव्वा-दीड वर्ष जाते, आणि या सगळ्या काळात त्या झाडाच्या कुळाचा पुरावा एकच असतो: देठाला बांधलेली चिठ्ठी. झाडाकडे पाहून त्याचे आईबाप सांगता येत नाहीत. येत असते तर गोष्टच वेगळी.

आता या चिठ्ठीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण खरा विषय तोच आहे आणि मोठ्या गोष्टी बोलणारे लोक नेमके तिच्याकडे दुर्लक्ष करतात. पहिल्या वर्षी मामांनी पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्यांवर बॉलपेनने लिहिले. बेळगावचा पाऊस सर्वांच्या परिचयाचा आहे. आषाढ संपेपर्यंत पुठ्ठ्याचा लगदा झाला आणि अक्षरांचा निळा ओघळ. दुसऱ्या खेपेला त्यांनी प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि 'परमनंट' असे छापलेला मार्कर आणला. पाऊस त्याने झेलला, ऊन झेलले नाही. मार्चच्या उन्हात अक्षरे आधी तांबूस आणि मग अदृश्य झाली. शेवटी टिकली ती पेन्सिल! साधी शिसपेन्सिल, दह्याच्या डब्यांच्या झाकणांतून कापलेल्या पांढऱ्या पट्ट्या पॉलिशकागदाने थोड्या खरखरीत करून त्यांवर. शिसपेन्सिलीत शिसे नसते, ग्राफाइट असते, म्हणजे कार्बन. त्याला ऊनही उडवत नाही आणि पाणीही विरघळवत नाही. याहून पक्के हवे असेल तर थंड पेयाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या डब्याच्या पट्ट्या कापाव्या आणि संपलेल्या बॉलपेनच्या टोकाने त्यांवर दाबून लिहावे. अक्षर कोरले जाते. शाई नाहीच, तर उडणार काय? हे सगळे ज्ञान मामांनी स्वतःच्या पैशाने विकत घेतले आहे. मी ते फुकट देतो आहे.

चिठ्ठ्या वाढल्या तशी वही झाली आणि वहीनंतर अर्थातच कॉम्प्युटर. माझा मामेभाऊ इंजिनिअरिंगला आहे, शिक्षण पहिल्यापासून इंग्रजी माध्यमात. त्याने उत्साहाने डेटाबेस बांधला: संकराचा क्रमांक, आई, बाप, तारीख, किती फुलांना पराग लावले, किती बोंडे धरली, किती बिया. वाचून दाखवायला आम्ही दोघे, मी आणि फुलझाडांना पाणी घालायला येणारी अव्वा. अव्वाची बोली कन्नड. तिने 'तायि' म्हटले की मामेभाऊ टिपणाच्या रकान्यात 'ताई' लिहून मोकळा. कन्नडात तायि म्हणजे आई, हे मी सांगेपर्यंत चार जास्वंदी बहिणी होऊन बसल्या होत्या. यावर आम्ही पोट धरून हसलो.

हसण्यासारखे नव्हते ते पुढेच घडले. मामांची पिढी आकडे देवनागरीत काढते. मी मराठी शाळेत शिकलो, मला त्याचे काही वाटत नाही. मी चहाला खाली गेलो तेवढ्यात उरलेल्या चिठ्ठ्या मामेभावाने स्वतःच वाचून टाकल्या. देवनागरी १ आणि ४ हातांनी लिहिलेले पाहा: इंग्रजी डोळ्यांना एकात नऊ दिसतो आणि चारात आठ. म्हणून चौदा नंबरचा संकर अठ्ठ्याण्णव झाला. ही चूक दुसऱ्याच दिवशी सापडली, कारण मामांचे संकर तेव्हा एकूण एक्केचाळीसच होते. अठ्ठ्याण्णव येणार कुठून? पण एक नंबरच्या संकराची रोपे नऊ नंबरवर पडली, आणि नऊ नंबरचा संकर खरोखरच होता. ही चूक कुणालाही दिसली नाही. त्यातून मामेभावाने हौसेने काळ्या रेघांच्या छापील बारकोड-पट्ट्या काढल्या, सगळ्या रोपांना नव्या कोऱ्या चिकटवल्या आणि जुन्या पेन्सिलीच्या पट्ट्या केरात टाकल्या.

वर्षभराने, गेल्या श्रावणात, त्यातल्या एका रोपाला फूल आले. काठाला राखी जांभळी छटा, मध्ये नारिंगी, आणि फूल दुसऱ्या दिवशीही न मिटलेले. असे फूल मामांना पूर्वी कधी मिळाले नव्हते. मामांनी वही काढली, पट्टी वाचली: नऊ. मग त्यांच्या लक्षात आले की नऊ नंबरच्या बिया मिळाल्या होत्या सात, आणि नऊ नंबरची रोपे उभी आहेत तेरा. सातांतून तेरा उगवत नाहीत. कुठली नवाची आणि कुठली एकाची हे सांगायला आता जगात काही शिल्लक नव्हते. तोच संकर पुन्हा करून तशी आणखी भावंडे काढावीत म्हटले, तर कुठला? नऊ नंबरची आई त्या आधीच्या पावसात मुळे कुजून मेली होती. झाड आहे, त्याच्या फांद्यांवरून कलमे होतील, फूल जगेल. पण ते कुठून आले हे कळण्याचा रस्ता बंद झाला. मामा काही बोलले नाहीत. केरात टाकलेल्या पट्ट्यांची आठवण मात्र त्यांनी अजून कुणाला काढू दिलेली नाही.

यावर आमच्या घरात दोन तट पडले. एक म्हणतो कॉम्प्युटरने घात केला, वहीच बरी होती. दुसरा म्हणतो मामांनी आकडे इंग्रजीत काढायला हवे होते. मला दोन्ही पटत नाही.

आमच्या आजोबांचे कापडाचे दुकान होते. त्यांची कीर्द-खतावणी मी पाहिली आहे. दुकानात घडले ते आधी कच्च्या चिठ्ठीवर, मग रोजकीर्दीत, मग खात्यावर. खाते कितीही सुबक लिहिलेले असो, तंटा झाला की आजोबा खाते उघडत नसत. ते तारेत ओवलेल्या चिठ्ठ्या काढत. कॉलेजात आम्ही तेच 'व्हाउचर' या नावाने शिकतो. खतावणी ही सोयीसाठी असते, पुरावा चिठ्ठी असते. झाडाला बांधलेली पट्टी ही चिठ्ठी आहे आणि डेटाबेस ही खतावणी. खतावणी नवी बांधली म्हणून कुणी चिठ्ठ्या जाळत नाही. मामेभावाचा अपराध आकडा चुकण्याचा नव्हे. आकडा कुणाचाही चुकतो. जुनी पट्टी फेकली हा अपराध. ती नव्या पट्टीच्या मागे तशीच बांधून ठेवली असती तर गेल्या श्रावणात दोन मिनिटांत निकाल लागला असता.

दुसरी गोष्ट तेरजेची. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असे समजणाऱ्याला पहिल्याच वर्षी शून्य मिळते. रामाच्या खात्यावरची रक्कम शामाच्या खात्यावर टाकली तरी तेरीज जुळतेच. एकाची रोपे नवावर टाकली तरी एकूण रोपांची बेरीज तीच. म्हणून एकूण बेरजेवर न थांबता प्रत्येक खात्याचा मेळ घालावा लागतो: इतक्या फुलांना पराग लावले, त्यांतली इतकी गळाली, इतकी बोंडे, बोंडांतून इतक्या बिया, बियांतून इतकी रोपे, इतक्या रुजल्याच नाहीत. रोपे बियांपेक्षा जास्त झाली की तिथेच थांबायचे. हा मेळ कॉम्प्युटर क्षणात घालतो, पण त्याला तसे सांगावे लागते. मामेभावाच्या डेटाबेसात सातांवर तेरा लिहिले गेले आणि यंत्राने हूं की चूं केले नाही, कारण त्याला कुणी विचारलेच नव्हते.

आता हा एका गच्चीवरचा खेळ आहे, याचे एवढे काय, असे कुणी म्हणेल. त्याला मी आपल्या जिल्ह्यातल्या उसाकडे बोट दाखवीन. बेळगाव जिल्ह्यात ज्याच्या त्याच्या तोंडी 'शहाऐंशी बत्तीस' असतो. हा को ८६०३२. 'को' म्हणजे कोइमतूर. तिथली ऊस पैदास संस्था १९१२ साली निघाली आणि तिथून क्रमांक मिळालेल्या उसांपुढे हे अक्षर लागते. पहिले दोन आकडे क्रमांक मिळाल्याच्या सालाचे, १९८६. उरलेला त्या सालातला अनुक्रम, बत्तीस. आई को ६२१९८, बाप कोसी ६७१, म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडचा 'सहाशे एकाहत्तर'. शाळेची पायरी न चढलेला शेतकरीसुद्धा रोज जे उच्चारतो ते मुळात कुणीतरी बांधलेली एक पट्टी आहे, हे किती जणांच्या ध्यानात येते? ऊस कोइमतूरला चांगला तुरा धरतो, म्हणून देशभरच्या केंद्रांतली माणसे तिथल्या बागेत जाऊन संकर करतात आणि कापसासारखे हलके बी पुड्यांत भरून आपापल्या केंद्रावर नेतात. एका पुडीवरचे अक्षर चुकले, तर पुढची दहा-बारा वर्षे हजारो रोपांवर जी मेहनत व्हायची ती चुकीच्या कुळावर होणार.

'फुले २६५' म्हणून जो ऊस कोल्हापूर-सांगलीकडून आपल्याकडे आला त्याची पट्टी आणखी बोलकी आहे. तो कोएम ०२६५. म्हणजे साल २००२, अनुक्रम ६५. लोकांनी शून्य गिळले आणि साल व अनुक्रम जोडून 'दोनशे पासष्ट' केले. भाषेला जे सोयीचे ते भाषा करते, त्याला इलाज नाही. पण त्याच्या कुळाच्या रकान्यात आई को ८७०४४ असे लिहून पुढे बापाच्या जागी नाव नाही. 'जनरल कलेक्शन' एवढेच आहे. आईच्या तुऱ्यावर वाऱ्याने कुणाचेही पराग आणून टाकलेले असावेत, बी तसेच गोळा केले, हा त्याचा अर्थ. मला ही नोंद फार आवडते. बाप माहीत नाही, तर अंदाजाने नाव न ठोकता तसे लिहून ठेवले. आमच्याकडे ज्या रकमेचा मालक सापडत नाही ती उचंत खात्यावर टाकतात, ओढूनताणून कुणाच्या तरी नावावर टाकत नाहीत. मामांच्या त्या तेरा रोपांनाही मी तेच सुचवले: नवाची पट्टी काढा, 'एक किंवा नऊ' असे स्पष्ट लिहा.

ओढूनताणून नाव टाकल्याने काय होते त्याचे उदाहरण जर्मनीतले आहे. १८८२ साली हेर्मान म्युलर या शास्त्रज्ञाने गाइझेनहाइम येथे द्राक्षाचा संकर केला. आई रीसलिंग, बाप सिल्व्हानर असे सांगितले गेले. म्युलर-थुर्गाऊ या नावाने ते द्राक्ष जर्मनीभर पसरले. इतकेच नव्हे, तर आईबापांच्या नावांतली अक्षरे जोडून त्याला 'रिव्हानर' असेही म्हणू लागले. पुढे शंभरावर वर्षे उलटल्यानंतर डीएनए तपासला तेव्हा आई बरोबर निघाली आणि बाप चूक! बाप होता माडलेन रोयाल नावाचे दुसरेच द्राक्ष. दरम्यान त्या चुकीच्या बापाचे नाव बाटल्यांवर छापून झाले होते. माझ्या विज्ञानवाल्या मित्रांनी यावर, 'मग आता डीएनए आहेच की, पट्टीची काळजी कशाला?' असा प्रश्न केला. तपासणीला संशयित आईबाप हाताशी लागतात आणि पैसा लागतो. दहा पैशांच्या पट्टीवर जे मुळात फुकट लिहून मिळत होते ते शंभर वर्षांनी प्रयोगशाळेकडून विकत घेण्यात कसला शहाणपणा?

पट्टी नीट लिहिली तर ती नुसते नाव राहत नाही, पत्ता होते. फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत १९६२ साली जे अडतीस संकर झाले त्यांतला आठवा पेटा आणि डी-जिओ-वू-जेन या दोन भातांचा. त्यातून निवडलेल्या झाडाची पट्टी होती आयआर ८-२८८-३. आठवा संकर, दोनशे अठ्ठ्याऐंशीवी ओळ, तिसरे झाड. १९६६ साली तोच आयआर ८ म्हणून जगापुढे आला आणि आशियाच्या भातशेतीचा इतिहास बदलला. शेतातल्या एका ओळीतले एक ठोंब, त्याचा घरक्रमांक त्याच्या नावात!

आंब्याकडे वळलो तर आणखी एक गोष्ट दिसते. संकर लिहिताना आई आधी आणि बाप मागून, हा दंडक आहे. गणितात दोन गुणिले तीन आणि तीन गुणिले दोन एकच. बागेत तसे नाही. दशहरी आई आणि नीलम बाप, ती आम्रपाली. नीलम आई आणि दशहरी बाप, ती मल्लिका. दोन्ही दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या, दोन्ही १९७० च्या दशकातल्या, पण आंबे निराळे. (आंब्यात एकाच जोडीच्या दोन कोयीसुद्धा सारख्या निघत नाहीत, तेव्हा सगळा फरक आई-बापांच्या अदलाबदलीचा नव्हे, हे मान्य.) वेंगुर्ल्याला १९८१ साली नीलम आणि हापूस यांच्यापासून 'रत्ना' झाला, मग रत्ना आई आणि पुन्हा हापूस बाप धरून १९९२ साली 'सिंधू'. म्हणजे सिंधूच्या कुळात हापूस दोनदा येतो, एकदा बाप म्हणून आणि एकदा आईचा बाप म्हणून. आणि रत्ना एका नोंदीत लेकरू तर दुसरीत आई. प्रत्येक संकर दोन खात्यांवर चढतो, आईच्या आणि बापाच्या. आम्हाला ज्या द्विनोंदी पद्धतीचा कंटाळा येतो ती हीच. झाडांची एक यादी, संकरांची दुसरी, रोपांची तिसरी, आणि प्रत्येक झाडाला एकच क्रमांक. इतके पाळले की कुठलेही खाते उघडून त्याची सगळी संतती एका नजरेत पाहता येते. नाव लिहीत बसलात तर हापूस, हापुस, आफूस, अल्फान्सो अशी एकाच झाडाची चार खाती उघडतील; आणि गोव्याच्या मानकुरादची किती, ते गोव्याच्या मित्रांनी सांगावे.

आता भाषेचा प्रश्न. या अंकात मराठी विभाग आहे आणि कन्नड विभाग आहे. आपल्या शहरात पाटी कुठल्या भाषेत लावायची यावरून काय काय होते ते सर्वांना ठाऊक आहे, मी त्यात पडत नाही. पण झाडाची पाटी ज्याच्या हाताखालून जाते त्याला ती वाचता आली पाहिजे, एवढे तरी सर्वांना मान्य व्हावे. मामा देवनागरी लिहितात, अव्वा कन्नड आकडे ओळखते, मामेभाऊ इंग्रजी. कुणी कुणासाठी आपली लिपी सोडावी? यावर मी एक तोड काढली, आणि ती कॉमर्सचीच आहे. पुस्तकाच्या मागे जो आयएसबीएन क्रमांक असतो, बिस्किटाच्या पुड्यावर बारकोडखाली जो क्रमांक असतो, त्याचा शेवटचा आकडा पडताळ्याचा असतो. आधीच्या आकड्यांवरून तो ठरतो आणि एक आकडा जरी चुकला तरी तो चुगली करतो. मी मामांना म्हटले, प्रत्येक क्रमांकाला अकराने भागा. बाकी शून्य तर क, एक तर ख, दोन तर ग, आणि पुढे घ, च, छ, ज, झ, ट, ठ; दहा उरले तर ड. ते अक्षर आकड्यापुढे लिहा. मग एक नंबर होतो '१ ख'. कुणी त्याला नऊ वाचलेच तर नवाचे अक्षर ठ असायला हवे, ख कसे? चौदा होतो '१४ घ'. अठ्ठ्याण्णवाला ड लागतो. अकराने भागल्यामुळे एक आकडा चुकला तरी सापडतो आणि शेजारचे दोन उलटेपालटे झाले तरी सापडतात. आणि मुद्दा असा, की क-ख-ग-घ हा क्रम मराठीत जो, तोच कन्नडात. अव्वाने तेच अक्षर कन्नडात काढले तरी काही बिघडत नाही. या एका गोष्टीवर दोन्ही विभागांच्या संपादकांचे एकमत होईल अशी मला आशा आहे.

मोबाईलवर हे सर्व आयते मिळते, हेही सांगायला हवे, नाहीतर मी जुन्याचा वकील ठरेन. अमेरिकेतल्या कॅन्सस स्टेट विद्यापीठात सुरू झालेले 'फील्ड बुक' आणि त्याच घरातले 'इंटरक्रॉस' ही अ‍ॅपे फुकट आहेत. आईच्या कुंडीचा बारकोड दाखवायचा, बापाचा दाखवायचा, नवा क्रमांक तयार. आकडा हाताने लिहायचाच नसल्यामुळे एकाचा नऊ होत नाही. माझा त्याला विरोध नाही. फक्त बारकोड चिकटवताना तो चुकीच्या कुंडीवर चिकटला तर यंत्र ती चूक अत्यंत अचूकपणे जपून ठेवील.

शेवटी एक रकाना राहतो. मी पाहिलेल्या कुठल्याच नमुन्यात तो नीट भरलेला नव्हता: संकर कुणाच्या हाताने झाला? आपल्या शेजारी धारवाडला १९७२ साली 'वरलक्ष्मी' हा संकरित कापूस निघाला. डॉ. कटरकी यांचे ते काम. अमेरिकन आणि इजिप्शियन जातींच्या कापसांचा तो जगातला पहिला व्यापारी संकर. त्याच्या दोनच वर्षे आधी सुरतेला डॉ. सी. टी. पटेल यांचा 'एच-४' आला होता. ही नावे आपण आदराने घ्यायलाच हवीत. पण अशा कापसाचे बी दर वर्षी नव्याने तयार करावे लागते, आणि ते असे: दुपारनंतर उद्या उमलणारी कळी नखाने सोलून तिचे पुंकेसर काढायचे, कागदी पिशवी चढवायची, दुसऱ्या दिवशी सकाळी पराग लावायचे, देठाला दोरा बांधायचा. एकेक फूल, एकेक दोरा, दिवसाला शेकडो. हे काम कोण करते? बाया करतात. राणेबेन्नूरकडे भाजीपाल्याच्या संकरित बियाण्याचे जे एवढे काम चालते तेही त्यांच्याच बोटांवर. कापसाच्या बीजोत्पादनात शाळकरी वयाच्या मुली राबत असल्याचे कर्नाटक, आंध्र आणि गुजरातेत अनेक पाहण्यांतून उघड झाले आहे. बोंड चुकीचे निघाले तर बोल त्या बाईला. वाण गाजला तर तिचे नाव कुठेही नाही.

पैशाच्या प्रत्येक चिठ्ठीवर देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही लागते; मग इथे का नको? २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात तर नव्या वाणाची नोंदणी करताना आईबाप-वाणांची पूर्ण माहिती, ते भारतात कुठून घेतले, आणि त्यात कुणा शेतकऱ्याचा, गावाचा किंवा संस्थेचा वाटा असेल तर तोही सांगावा लागतो. एखाद्या गावच्या जुन्या झाडाची काडी किंवा मूठभर बी नेले आणि पट्टीवर गावाचे नाव लिहिलेच नाही, तर वीस वर्षांनी त्या गावाने हक्क कशाच्या जोरावर सांगावा? कायद्याने दिलेला हक्क पट्टीअभावी बुडू शकतो. म्हणून 'कुठून आणले' आणि 'कुणी केले' हे दोन रकाने रिकामे ठेवून पुढे जाताच येऊ नये, असा डेटाबेस बांधावा असे माझे मत आहे. त्यात कष्ट फार नाहीत; मामेभावाला अर्धा तास लागला.

मामांच्या गच्चीवर आता क्रमांक शंभराच्या पुढे सुरू केले आहेत, जुन्यांशी गल्लत नको म्हणून. पहिली पट्टी '१०१ ग'. आई पिवळी, बाप तेच राखी काठाचे फूल, ज्याच्या स्वतःच्या खात्यावर 'एक किंवा नऊ' असे लिहिले आहे. संकर करणाऱ्याच्या रकान्यात अव्वाचे नाव आहे. पराग लावायला तिचा हात मामांपेक्षा हलका, हे मामाच कबूल करतात. पट्टी वाचून तिने विचारले, "हे खरं, खरं बोंड गळालं तर माझंच नाव की?" मामा म्हणाले, "धरलं तरी तुझंच."

अजून बोंड टिकून आहे. दह्याच्या डब्यांची झाकणे ज्यांना टाकून द्यायची असतील त्यांनी ती वाचनालयात माझ्याकडे आणून द्यावीत, पट्ट्या संपत आल्या आहेत.